मँडन लोक भटके नव्हते

मँडन या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांना एका लेखात भटके शिकारी म्हटले आहे, ते दुरुस्त व्हावे. आजच्या अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात, मिसुरी नदीच्या काठी, ते मातीने लिंपलेल्या गोल घरांची गावे वसवून राहत. बायसन या रानबैलाची शिकार होत असे, पण मका, घेवडा, भोपळा आणि सूर्यफूल पिकवणाऱ्या स्त्रियांकडेच घराची मालकी असे. १८३७ च्या देवीच्या साथीत त्यांच्यापैकी बहुतेक सारे दगावले. त्यांच्या भाषेत ऐकणारा पुरुष आहे की स्त्री यावरून क्रियापदाचा शेवट बदलतो. ‘आलास’ आणि ‘आलीस’ म्हणणाऱ्या आपल्यालाही हे नवे वाटावे, कारण तिथे बोलणे पावसाविषयी असले तरी हा भेद पाळला जातो. ही भाषा लहानपणापासून अस्खलित बोलणारे शेवटचे गृहस्थ, एडविन बेन्सन, २०१६ मध्ये वारले, याची मनापासून हळहळ वाटते.