‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ साहेब,

ॲड्रेस बारच्या, म्हणजे ब्राउझरमधल्या पत्ता टाकायच्या पट्टीच्या, कीबोर्ड शॉर्टकटांवरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात, आभार. पण तुमच्या प्रतिक्रियेची सुरुवातच अशी: "माउस हाताशी असताना हे असलं पाठ करणं म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग." टोपणनावाआडून स्पष्ट बोलायला फार धैर्य लागत नाही. ‘पटलं नाही’ एवढं लिहिलं असतंत तरी कळलं असतं.

आता उद्योगांविषयी. विंडोज ९८च्या काळात मी सायबर कॅफेच्या काउंटरवर बसायचो. तेव्हाच्या माउसच्या पोटात गोळी असायची. आत मळ साचला की बाण जागचा हलायचा नाही. बारावीच्या निकालाला दारापर्यंत रांग आणि माउसचा हा हट्ट. आल्ट-डी दाबलं की कर्सर थेट ॲड्रेस बारमध्ये जायचा, तिथे पत्ता टाइप करायचो, म्हणून रांग सरकायची. ते आल्ट-डी आजही चालतं. कंट्रोल-एल आणि एफ-६सुद्धा. बॅकस्पेसने मागच्या पानावर जाण्याची सोय मात्र क्रोमने २०१६ मध्ये काढली, कारण चुकून दाबलं की लोकांचे अर्धे भरलेले फॉर्म जायचे. एका बटणावर एवढा विचार करणारे तेही रिकामटेकडेच म्हणायचे का? आणि ज्यांचं मनगट दुखतं, जे स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर) काम करतात, त्यांच्या तोंडावर हे वाक्य बोलाल?

एक मान्य. ॲड्रेस बारमध्ये साइटचं नाव टाइप करून कंट्रोल-एंटर दाबलं की ते नावाच्या आधी तीन डब्ल्यू आणि शेवटी डॉट कॉमच लावतं. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इनने संपणाऱ्या पत्त्यांवर जायला सांगितलं होतं, म्हणून बँकेच्या साइटसाठी ही युक्ती नको. लेखात एक ओळ वाढवतो.

तुमचा पुढचा आक्षेप: "टाइप केलेलं अक्षरन्‌अक्षर सर्च इंजिनकडे जातं, ते का लपवलंत?" लपवलं काही नाही. सर्चच्या सूचना चालू असतील तर जातं, सेटिंगमध्ये त्या बंद करता येतात. लेख शॉर्टकटांवर होता. ब्लॉगच्या रंगांबद्दलच्या शेऱ्याला उत्तर देत बसत नाही.

फायरफॉक्स वापरत असाल तर भरपूर टॅब उघडा, कंट्रोल-एल दाबा, टक्क्याचं चिन्ह, एक स्पेस आणि हव्या त्या टॅबच्या नावातली दोन-चार अक्षरं टाका. मग तोच टॅब तुमच्या लाडक्या माउसने शोधून बघा, आणि काय झालं ते इथेच लिहा. जरा नीट भाषेत.