तीन खुर्च्या, बसायला एकही नाही

न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात शिरल्यापासून माझा डावा गुडघा कुरकुरत होता. "आई, आता एकच दालन," असं सूनबाई चौथ्यांदा म्हणाली, तेव्हा आम्ही जॅस्पर जॉन्सच्या 'फ्लॅग'समोर उभ्या होतो. १९५४-५५ सालचं काम. अमेरिकेचा झेंडा, बस्स. तो इथे गल्लोगल्ली फुकट दिसतो.

"हा झेंडा की झेंड्याचं चित्र, हाच तर प्रश्न आहे, आई."

माझा प्रश्न होता, बसायचं कुठे? वेळ काढायला चांदण्या मोजल्या. अठ्ठेचाळीस! पुन्हा मोजल्या. दोन कमीच. वाण्याने मापात मारावं तसं झालं. तर म्हणे अलास्का आणि हवाई राज्यं झाली १९५९ मध्ये, चित्र त्याआधीचं. जवळून पाहिलं, तर मेणात कालवलेल्या रंगाखाली वर्तमानपत्राचे कपटे! मला फडताळात डब्यांखाली घातलेला जुना पेपरही वाचून काढायची खोड. मान वाकडी करून एक ओळ लावत होते, तेवढ्यात रक्षक खाकरला.

पुढे मात्र देव पावला. भिंतीलगत घडीची लाकडी खुर्ची, अगदी मांडवातली वाटावी अशी. पदर सावरून निम्मी वाकले आणि सून किंचाळली, "आई, नको! तो कोसुथ आहे!"

"येईल तेव्हा उठेन की."

येणार कुठला! जोसेफ कोसुथने १९६५ मध्ये केलेली ती कलाकृती निघाली, 'वन अँड थ्री चेअर्स'. खुर्ची, तिचाच तेवढ्याच मापाचा फोटो आणि शब्दकोशातला 'चेअर'चा अर्थ मोठा करून लावलेला. यातली खरी खुर्ची कोणती, यावर म्हणे विचार करायचा. माझ्या गुडघ्याला लांबूनच कळलं होतं. सुनेने अर्थ वाचून दाखवला. पाठ असलेलं, बहुधा एका माणसासाठीचं आसन. तो एक माणूस समोर ताटकळत होता! पुढे पदाची, अधिकाराची खुर्चीही होती. आमच्याकडे खुर्ची म्हटलं की आधी तीच आठवते, लाकडाची नंतर.

"गंमत म्हणजे," सून म्हणाली, "कुठलीही खुर्ची चालते. तिचा फोटो काढायचा नि शेजारी लावायचा. अर्थ तेवढा तोच."

"मग त्याला म्हणावं, आतून दुसरी आण. ही मी घेते."

सुनेने ते इंग्रजीत कसं घातलं, देव जाणे. रक्षकाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बराच वेळ खुर्चीकडे. सकाळपासून तोही उभाच होता.