धन्याचं पाणी, थायरॉईडची गोळी आणि त्या फॉरवर्डमधला एकेक दावा

ठाण्यात घोडबंदर रोडपासून नौपाड्यापर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: थायरॉईडची गोळी म्हणजे जन्माची बेडी. ती ग्रंथीला आळशी करते आणि हाडं पोकळ करते. रात्री चमचाभर धने भिजवा, ते पाणी 40 दिवस अनशापोटी प्या आणि आठव्या दिवशी गोळी बंद करा. आयोडीनचं मीठ टाका, सैंधव आणा, कोबी-फ्लॉवर सोडा. गोळीने पोट जळत असेल तर सोबत ॲसिडिटीची गोळी घ्या.

मजकूर पाठवणाऱ्यांच्या मनात काळजीच असते. पण त्यातली गोळी बंद करण्याची ओळ गरोदर बाईनेही वाचलेली असते आणि ग्रंथी पूर्ण काढून टाकलेल्या माणसानेही. म्हणून हा खुलासा.

पहिला दावा बेडीचा. गोळीत असतं ते लेव्होथायरॉक्सिन. मानेतली ग्रंथी रोज जे टी-फोर संप्रेरक बनवते तोच हा रेणू, फक्त कारखान्यात बनलेला. 1891 मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका बाईला बरं केलं आणि ती पुढे 28 वर्षं जगली. 1914 मध्ये केंडॉल यांनी शुद्ध थायरॉक्सिन वेगळं काढलं आणि 1927 मध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं. मरे यांच्या त्या प्रयोगाआधी ग्रंथी बंद पडलेली माणसं हळूहळू सुजत, मंदावत आणि मरत. आज दाण्याएवढ्या गोळीत जे औषध असतं ते 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग. बाकीचा सगळा भराव. शरीरात जे कमी पडतं तेवढंच बाहेरून भरून द्यायचं, इतकंच या गोळीचं काम.

"ग्रंथी आळशी होते" यात अर्धं सत्य आहे. बाहेरून टी-फोर मिळालं की मेंदूच्या तळाची पियूषिका ग्रंथी टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, कमी सोडते आणि थायरॉईड कमी काम करते. पण ग्रंथी धडधाकट असेल तर गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत ती पूर्ववत होते. आपल्याकडच्या बहुतेक पेशंटांची ग्रंथी गोळीमुळे थंडावलेली नसते. शरीराच्याच प्रतिपिंडांनी (अँटिबॉडींनी) ती आधीच पोखरलेली असते. हाशिमोटो यांनी 1912 मध्ये वर्णन केलेला तो हाच आजार. अँटी-टीपीओ ही रक्ततपासणी बहुधा त्याचा माग देते.

आता सगळ्यात घातक भाग, "आठव्या दिवशी बंद करा". टी-फोरचं अर्धायुष्य सुमारे सात दिवस असतं. आज गोळी सोडली तर गोळीतून आलेल्या साठ्यातला अर्धा सातव्या दिवशी रक्तात शिल्लक असतो, चौदाव्या दिवशी पाव, एकविसाव्या दिवशी अष्टमांश. म्हणून पहिले दोन आठवडे माणसाला काहीच जाणवत नाही. उलट "बघा, गोळीशिवायही ठणठणीत आहे" असं वाटतं आणि तो मेसेज पुढे पाठवतो. बद्धकोष्ठ, थंडी वाजणं, चेहऱ्यावर सूज, जड आवाज, केस गळणं हे सगळं महिना-दीड महिन्याने हळूहळू सुरू होतं. तोवर ते धन्याच्या पाण्याशी किंवा गोळी सोडण्याशी जोडायचं कुणाला सुचत नाही.

मग काहींना धन्याच्या पाण्याने खरंच बरं वाटलं त्याचं काय? थायरॉईड कमी पडलं की टीएसएच वाढतो. तो जेमतेम वाढलेला, समजा 6 किंवा 7, आणि टी-फोर नॉर्मल असेल तर अनेकांचा आकडा दोन-तीन महिन्यांत आपोआप खाली येतो. बाळंतपणानंतर होणारा थायरॉईडचा दाहही बहुतेकींमध्ये वर्ष-दीड वर्षात निवळतो. अशा लोकांची गोळी डॉक्टर स्वतःच कमी करतात, बंदही करतात, पण दर वेळी सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करून. जांभळी नाक्यावरून आणलेले धने त्या काळात भिजत असले तर श्रेय धन्यांना मिळतं. धन्याचं पाणी आवडत असेल तर जरूर प्या. गोळीनंतर तासाभराने प्या, एवढंच.

"पोट जळतं, म्हणून ॲसिडिटीची गोळी सोबत" या सल्ल्यावर जरा थांबायला हवं, कारण इथे पचनसंस्था आणि संप्रेरकं एकमेकांत गुंततात आणि सर्वाधिक घोळही इथेच होतो. लेव्होथायरॉक्सिनची गोळी नीट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. त्यानंतर लहान आतड्याच्या वरच्या आणि मधल्या भागात ती शोषली जाते, तीही पोट रिकामं असताना साधारण 60 ते 80 टक्के. पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल किंवा ओमेप्राझोल ही औषधं जठराच्या भिंतीतल्या आम्ल सोडणाऱ्या पंपांना चिकटून ते निकामी करतात. रक्तात ती तास-दोन तासच टिकतात, पण नवे पंप तयार होईपर्यंत परिणाम दिवसभर राहतो. म्हणून दोन गोळ्यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवून प्रश्न सुटत नाही. आम्ल दिवसभरच कमी असतं. ॲसिडिटीची गोळी खरोखर लागत असेल तर ती घ्यावी, पण सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघावा आणि गरज पडली तर थायरॉईडचा डोस डॉक्टरांकडून वाढवून घ्यावा. नुसती सवय म्हणून ती वर्षभर चालू असेल तर कशी थांबवायची ते विचारावं. एकदम सोडली तर काही दिवस आम्ल उसळतं आणि माणूस घाबरून पुन्हा तीच घेतो.

शिवाय छातीत जळजळ हा या गोळीचा नेहमीचा दुष्परिणाम नाही. पोट जड वाटणं, गॅस आणि बद्धकोष्ठ बरेचदा थायरॉईड कमी असल्याचीच खूण असते, कारण आतड्यांची हालचाल मंदावलेली असते.

नेहमी दिसणारी एक सकाळ घ्या. सात-सव्वासातची लोकल पकडायची. सहा वाजता गोळी, सहा-दहाला दुधाचा चहा, साडेसहाला पोळीबरोबर कॅल्शियम आणि लोहाची गोळी. डोस 100, वजन 60 किलो. ग्रंथी पूर्ण निकामी असेल तर किलोमागे 1.6 मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे 96. हिशोब बरोबर असूनही टीएसएच 9. डोस 125 होतो, मग 150. गडबड डोसात नसते. कॅल्शियम आणि लोह आतड्यात गोळीला धरून ठेवतात, चहा-कॉफीने शोषण घटतं. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या, त्यानंतर अर्धा ते एक तास पाण्याशिवाय काही नको. कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीचं पातळ औषध चार तासांनंतर. सकाळ जमतच नसेल तर रात्री, शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी, पण मग रोज रात्रीच. हे सगळं सांभाळूनही डोस वजनाच्या हिशोबाबाहेर जात असेल तर जठराचा दाह, एच. पायलोरी हा जठरातला जंतू किंवा गव्हाची सीलिॲक व्याधी तपासून घ्यायला हवी. बाटली ओट्यावर ठेवू नका. ठाण्याच्या पावसाळ्यातली दमट हवा आणि शेगडीची ऊब दोन्ही त्या औषधाला मारक आहेत.

केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन दिवस बंद ठेवा. 5 ते 10 मिलिग्रॅमच्या गोळ्यांनी काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी दिसतो आणि लागणारा डोस उगाच घटवला जातो.

"हाडं पोकळ होतात" हे जास्त डोसचं वर्णन आहे. टीएसएच 0.1 च्या खाली दीर्घकाळ राहिला तर पाळी गेलेल्या बायकांची हाडं विरळ होतात आणि वय झालेल्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. म्हणूनच वयस्कर किंवा हृदयविकाराच्या पेशंटला 12.5 किंवा 25 मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करतात. टीएसएच योग्य मर्यादेत असेल तर ही भीती बाळगायचं कारण नाही.

मिठाचं थोडक्यात. प्रौढ माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदरपणात 250. सैंधवातून ते पुरेसं मिळत नाही. गलगंडाविरुद्ध आपल्या देशाने 1962 पासून कार्यक्रम राबवला, आणि आयोडीनयुक्त मीठ हे त्यातलं मुख्य साधन. ते टाकून प्रतिपिंडांचा आजार बरा होत नाही. याउलट समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल घेऊन आयोडीनचा मारा केला तर हाशिमोटो बिघडू शकतो. शिजवलेला कोबी आणि फ्लॉवर नेहमीच्या भाजीइतका खायला हरकत नाही.

मेसेज वाचून कुणी गोळी सोडली असेल तर सोडलेल्या दिवसांची भरपाई एकदम करू नका. काहीच दिवस झाले असतील तर उद्या सकाळपासून जुनाच डोस, आणि सहा आठवड्यांनी टीएसएच. महिने उलटले असतील किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर असाल तर आजच डॉक्टरांना फोन करा. बाळाची स्वतःची ग्रंथी साधारण 12 आठवड्यांनंतर काम सुरू करते, तोवर ते आईच्याच टी-फोरवर असतं, आणि आईचा डोसही बहुधा 25 ते 30 टक्के वाढवावा लागतो. घरातलं वयस्कर माणूस गोळी सोडल्यावर सुस्त पडलं, अंग गार लागलं, नाडी मंद झाली, बोलणं असंबद्ध झालं, तर घरी गोळी देत बसू नका, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या.