"मॅडम, उठाबशा नको, मांड्या जाड होतात"

आज संध्याकाळी मैदानावर जे ऐकलं ते डोक्यातून जात नाहीये. जेवण झालं, भांडी झाली, बाहेर पाऊस धो धो लागलाय आणि मी मोबाईल घेऊन पडवीत बसलेय. लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

आमच्या शाळेच्या मुलींची तालुक्याची खो-खो स्पर्धा तोंडावर आलीय. चार दिवसांनी जरा उघडीप मिळाली म्हणून मैदानावर उतरलो. लाल चिखल होता, पण पाय रोवत होते. दोन फेऱ्या धावून झाल्या, उठाबशा सुरू केल्या, आणि माझी सगळ्यात चपळ मुलगी बाजूला जाऊन उभी राहिली. नववीत आहे. नाव लिहीत नाही.

"काय गो, पाय दुखतो?"

"नाही मॅडम."

"मग?"

मान खाली. बोटाला ओढणीचं टोक गुंडाळत राहिली आणि मग बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मॅडम, उठाबशा नको. मांड्या जाड होतात."

ही मुलगी खो मिळाल्यावर पाटीवरून उठते ना, तेव्हा बघणाऱ्याला कळत नाही ती कधी उठली. ज्यांनी खो-खो नुसता लांबून पाहिलाय त्यांना सांगते. आक्रमण करणाऱ्या संघाच्या आठ जणी मधल्या पाटीवर, म्हणजे दोन खांबांमधल्या पट्ट्यावर, उकिडव्या बसलेल्या असतात, एक पाय मागे, टाच उचललेली. पाठीवर थाप पडली, 'खो' ऐकू आला की त्या बसल्या जागेवरून पहिल्या दोन पावलांत पूर्ण वेग घ्यायचा असतो. एकदा दिशा धरली की उलट फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही, खांबाला वळसा घालूनच पलीकडे जायचं. हे सगळं कशाच्या जोरावर होतं? मांडीच्या. दुसरं काही नाही. तिथे ताकद नसेल तर ती मुलगी उठेपर्यंत पळणारी चार हात पुढे गेलेली असते.

आणि तिला त्याच मांड्या नको आहेत.

खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. गेल्या रविवारी आई तिला गणपतीचे कपडे घ्यायला कुडाळला घेऊन गेली होती. जीन्स मांडीवर अडकली. कंबरेला बसेल ती मांडीतून वर जाईना, मांडीतून जाईल ती कंबरेला ढगळ. ह्यात मुलीची चूक काय? कापडं बेतणारे कंबरेचं माप धरतात आणि बाकी सगळं त्या हिशोबाने ठरवून टाकतात. खेळणारी मुलगी त्यांच्या हिशोबात नसतेच. पण दुकानातली बाई काय म्हणाली? "भात कमी कर गो जरा." आणि सोबत आलेली मावशी हसली. झालं. त्या दिवसापासून पोरगी रात्री जेवत नाहीये. आईला सांगते, शाळेत खिचडी खाल्ली.

मला इतका राग आला की काय सांगू. त्या दुकानातल्या बाईचा, मावशीचा, आणि खरं म्हणजे ह्या सगळ्यामागे जे बसलंय त्याचा. कारण मला ते हसणं माहीत आहे. चांगलंच माहीत आहे.

१९९२ चा मे महिना. मी सोळा वर्षांची, नुकतीच जिल्ह्याच्या संघात निवड झालेली. चुलत बहिणीचं लग्न होतं. मांडवातून मागच्या परड्यात पाणी आणायला जाताना मधे गडगा, म्हणजे दगडांचं बुटकं कुंपण, होतं. वळसा घालून जायचं सोडून मी परकर वर धरला आणि गडग्यावरून उडी मारली. सोळा वर्षांच्या खेळाडू मुलीने दुसरं काय करायचं? तिकडे पत्रावळी लावत बायका बसल्या होत्या. त्यातली एक नात्यातलीच बाई मोठ्याने म्हणाली, "अगो, ह्या चेडवाच्या मांडये बघलंस? हिका जोताक जुपूक होयी!" म्हणजे ह्या पोरीच्या मांड्या बघितल्यास? हिला नांगराला जुंपायला हवी. आणि सगळ्या हसल्या. माझी आईसुद्धा. आई कसनुसं हसली, पण हसली.

तेहतीस-चौतीस वर्षं झाली. बाईचा चेहरा धूसर झालाय. वाक्य शब्दानिशी लक्षात आहे.

आता मला कुणीतरी समजावून सांगा, हे पाय नकोसे कधीपासून झाले आपल्याला? माझी आजी बंदरावरून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन घाटी चढून बाजारात जायची. नऊवारी लुगडं, कासोटा घट्ट मारलेला, गुडघ्यापर्यंत पाय उघडे. तिच्या पोटऱ्या अजून डोळ्यासमोर आहेत. रात्री ती पडवीत पाय पसरून बसायची आणि मी खोबरेल तेल चोळायचे. चालून चालून पोटरीचा गोळा असा टणक झालेला की माझा अंगठा आत रुतत नसे. नडगीवर जांभ्याच्या पायरीवर आपटल्याचा जुना पांढरा वण. आजीने आपल्या पायांबद्दल जन्मात एकच तक्रार केली, की रात्री ठणकतात. ते कसे दिसतात हा प्रश्न तिला कुणी विचारला नाही, तिनेही कुणाला विचारला नाही. आषाढात गुडघाभर चिखलात उभं राहून भात लावणाऱ्या बाईला कुणी विचारतं का? डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन डोंगर उतरणारीला? त्यांचे पाय घराला हवेच असतात. तेच पाय मुलीने खेळून कमावले की मग हसायचं!

मी मराठी शिकवते, म्हणून हेही सांगते. जुन्या संस्कृत काव्यात सुंदर स्त्रीला 'रंभोरू' म्हणतात. रंभा म्हणजे केळ. केळीच्या खांबासारख्या भरदार मांड्या जिच्या, ती. हे कौतुक होतं! काटकुळे पाय म्हणजे सौंदर्य, हे आपल्या आज्या-पणज्यांच्या डोक्यात कुणी घातलं नव्हतं.

आणि मला जास्त चीड कशाची येते माहितीये? खेळाचे दहावीला वाढीव गुण मिळतात, ते हवे असतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, ते सगळ्या पालकांना तोंडपाठ असतं. पोलीस भरतीला मुलगी धावायला हवी असते. पेपरात फोटो आला की अख्ख्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतो. गेल्या वर्षी, २०२५ च्या जानेवारीत, दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, कप्तान आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. त्या रात्री मला किती मेसेज आले! 'आपल्या पोरी', 'अभिमान'. अहो, त्या पोरी कशावर धावल्या? मीराबाई चानूने टोकियोला ४९ किलो गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक आणलं, ते काय काडीसारख्या पायांवर? लहानपणी डोंगरातून सरपण वाहिलेली मुलगी आहे ती. पी. टी. उषाचं १९८४ चं पदक सेकंदाच्या एका शतांशाने हुकलं म्हणून आपण अजून हळहळतो. एक शतांश! तेवढ्यासाठी खेळाडू वर्षानुवर्षं पाय घासतात, आणि इथे आम्ही चौदा वर्षांच्या मुलीला सांगतोय, भात कमी कर.

भात कमी केल्यावर काय होतं ते मी पाहिलंय, म्हणून एवढी तळमळ आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी होती. तिनेही असंच, कुणाला न सांगता, भाकरी-भात सोडला. दोन वेळचा सराव चालूच. वजन उतरलं तेव्हा सगळ्या म्हणाल्या, कशी छान दिसायला लागली! मग पाळी लांबली, मग बंदच झाली. घरच्यांना वाटलं, दगदगीने होतं असं. मग नडगी दुखायला लागली, आणि एक दिवस पाय टेकवेना. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे ताणाने हाडाला गेलेला बारीक तडा. पडली नव्हती, झडली नव्हती. शरीराला खर्चाएवढं अन्न मिळालं नाही की ते आधी पाळी बंद करतं आणि मग हाडांच्या ठेव्यावर हात टाकतं. ज्या वयात हाडं भरायची त्याच वयात पोकळ व्हायला लागतात. डॉक्टरांच्या भाषेत ह्याला नाव आहे, 'रेड-एस'. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्येच ह्याबद्दल सांगून ठेवलंय. म्हणजे जगभरच्या खेळाडू मुलींचं हे दुखणं आहे. पण आपल्याकडे पाळीबद्दल मैदानावर बोलायचं नाही, मग कळणार कुणाला? मलाही तेव्हा कळलं नाही. मी विचारलं नव्हतं. त्याची टोचणी अजून आहे.

आणि उठाबशांनी मुलींचे पाय पैलवानासारखे होतात हा समज तर डोक्यातून काढून टाका. स्नायू वाढवणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक मुलींच्या अंगात मुलांच्या तुलनेत कितीतरी कमी असतं. जो स्नायू येतो तो महिनोन्‌महिने घाम गाळून, इंचाइंचाने येतो. आणि तो गुडघा सांभाळतो. खो-खोत झटक्यात वळावं लागतं, आणि गुडघ्याचा आतला लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आहे. मांडी पुढून-मागून भक्कम असेल तर तो धोका कमी होतो. मी उठाबशा घेते त्या ह्याच्यासाठी.

बरं, मुलांनाही चिडवतात. बारीक पायांच्या पोरांना 'काड्यो' म्हणतात, आणि तेही घरी जाऊन कुढतात. मान्य.

आणि ज्या मुलीला पाय झाकूनच खेळायला बरं वाटतं तिने झाकून खेळावं, तेही मान्य. टोकियोत जर्मनीच्या जिम्नॅस्ट मुली घोट्यापर्यंतचा पोशाख घालून उतरल्याच होत्या. पण त्यांनी तो स्वतः निवडला. मी सोळाव्या वर्षी मे महिन्याच्या उकाड्यात सलवार घालून सराव करायला लागले, ते मला आवडत होतं म्हणून नाही. गडग्यावरच्या त्या उडीनंतर मला माझे पाय कुणाला दिसायला नको होते. सलवार पायात अडकायची. दोनदा खांबाशी तोंडावर आपटले. सरांनी विचारलं तर म्हटलं, ऊन लागतं.

पुढच्या वर्षी आईच म्हणाली, "आता पुरे झालो खेळ." मी एका शब्दाने भांडले नाही. लोकांना वाटतं घरच्यांनी सोडायला लावलं. सुटल्यासारखं मलाच वाटलं होतं, हे आज पहिल्यांदा लिहितेय.

आईबद्दल आता राग नाही. लिहायला बसले तेव्हा होता बहुतेक, पण नाही. तिला चार मुली होत्या. मांडवात अख्खं गाव बसलेलं, आणि त्यात थोरलीच्या पायांवर हसले लोक. ती आतून घाबरली असणार, हिचं लग्न कसं जमायचं. घाबरलेली आई दुसरं काय करते, हसण्यात हसू मिसळते. ज्या बाईने ते वाक्य टाकलं, तिला तरी कुठे ठाऊक होतं ते माझ्याबरोबर इतकी वर्षं राहील? तिच्या स्वतःच्याही पोटऱ्या तशाच होत्या, भात लावून लावून. कदाचित तिलाही कुणीतरी कधी म्हटलं असेल.

पण म्हणून आजच्या मावशीला मी सोडणार नाही. तिच्याकडे मोबाईल आहे, ती शिकलेली आहे, माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये आहे, आणि ती हे वाचणार आहे. वाच बाई. तुझी भाची रात्री उपाशी झोपतेय.

गणपतीत सगळे घरी याल. मुंबईहून, पुण्याहून याल. वर्षाने मुली दिसतील, आणि दारातच तोंडातून निघेल, 'किती जाडी झालीस', 'पाय बघ कसे झालेत', 'उन्हात काळी पडलीस'. कृपा करून गिळा ते वाक्य. विचारायचंच असेल तर विचारा, कुठल्या जागेवर खेळतेस, पळतीत किती वेळ टिकतेस.

सराव संपल्यावर मी तिला घरी घेऊन आले. आमच्या १९९२ च्या संघाचा फोटो कपाटात असतो, तो काढला. कडा वाळवीने खाल्ल्यात, पण चेहरे स्वच्छ आहेत. पुढे पाच जणी मांडी घालून, हाफ पँटमध्ये, मधे ढाल. मागे उभ्या असलेल्या सात जणी. तिने फोटो उजेडात धरला, एकेक चेहरा बघत गेली. मग पुढची ओळ परत बघितली.

"मॅडम, तुम्ही तर कप्तान होतात ना? मग पुढे कुठायत?"

मी मागच्या ओळीत उजव्या टोकाला बोट ठेवलं. दोघींच्या मधून अर्धा चेहरा दिसतो. कंबरेखालचं काही दिसत नाही.

ती काही बोलली नाही. तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि कुळथाची पिठी खाऊन गेली. उठाबशा आज तिने घातल्या नाहीत, मी जबरदस्ती केली नाही. उद्या सकाळी सहाला येते म्हणालीय. आईशी बोलायचंय, आणि आमच्या शिंप्याकडे ट्रॅकपँटसाठी मांडीचं माप द्यायचंय तिचं. पाऊस थांबला नाही तर शाळेच्या व्हरांड्यात घेईन सराव.