आमचा कर्सर बेपत्ता आहे

मी टाईप करताना कीबोर्डकडे बघतो. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलंय. दोन बोटं, त्यातलं उजवं जरा जास्त शहाणं, आणि मान खाली. चार ओळी झाल्या की मान वर करून बघायचं काय उमटलंय ते. वीस वर्षं नोकरी याच्यावर निभावली.

तर गेल्या महिन्यात अशीच मान वर केली आणि स्क्रीनवर होतं, 'आदरणीय सर, आपण सांगितल्याप्र'. बस. पुढचं 'माणे'ही नाही आणि त्यापुढच्या साडेतीन ओळीही नाहीत, ज्या मी अगदी मन लावून, दोन ठिकाणी 'कृपया' घालून लिहिल्या होत्या. कर्सरची ती उभी काडी लुकलुकायची थांबलेली. परत बॉक्समध्ये क्लिक केलं, काडी आली, लिहायला लागलो, मिनिटभराने परत गायब. विंडोजमध्ये ही काडी मुळात 530 मिलिसेकंदाला उघडझाप करते, म्हणजे साधारण सेकंदाभरात एकदा दिसते आणि एकदा नाहीशी होते, त्यामुळे ती 'आत्ता नाहीये' का 'गेलीच' हे कळायलासुद्धा डोळे लावून बसावं लागतं. मी बसलो. बायको म्हणाली, "काय रे, ध्यान लावतोयस का?"

आता माझी दुसरी चूक. कर्सर गेला की मी घाईघाईत पेजवर कुठेही क्लिक करायचो आणि मान खाली घालून कामाला लागायचो. कुठेही म्हणजे कुठेही, बॉक्सच्या बाहेरच्या पांढऱ्या जागेतसुद्धा. आणि जीमेलमध्ये मी कधीकाळी हौसेने कीबोर्ड शॉर्टकट चालू करून ठेवलेत, जे नंतर एकदाही मुद्दाम वापरले नाहीत. सरांनी दहा जणांना मिळून मेल टाकला होता, गुरुवारी ऑफिसला कोण कोण येतंय म्हणून. मी उत्तर द्यायला घेतलं, 'मी येतो'. मराठी मी इंग्रजी अक्षरांतून टाईप करतो, म्हणजे एम, ई, ई, मग वाय, ई, टी, ओ. आणि कर्सर बॉक्समध्ये नसेल तर जीमेलला ही अक्षरं नाहीत, हुकूम वाटतात. एम म्हणजे हे संभाषण म्यूट करा. ई म्हणजे अर्काइव्ह, न खोडता इनबॉक्समधून बाजूला ठेवा. परत ई, परत अर्काइव्ह, पण आता खालचा मेल. वाय म्हणजे हा इनबॉक्समधून काढा. ई, आणखी एक गेला. टी बिचारा निरुपद्रवी. आणि ओ म्हणजे जो समोर असेल तो मेल उघडा, तर मान वर केली तेव्हा समोर मोठ्या अक्षरात अंडरवेअरवर पन्नास टक्के सूट.

मला वाटलं उत्तर गेलं. गेलं नव्हतंच, उलट म्यूट केल्यामुळे त्या मेलखाली जे काही पुढे येत होतं ते इनबॉक्सला वळसा घालून जात होतं. 'ज्यांनी अजून कळवलं नाही त्यांनी कळवा' हे सरांनी दोनदा लिहिलं म्हणे. तिसऱ्यांदा फोनच आला आणि त्यात 'आदरणीय' वगैरे काही नव्हतं.

मग उपाय सुरू झाले. असल्या बाबतीत आपल्याकडे सल्ल्याची कमतरता कधीच नसते. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर पाच मिनिटांत अकरा सल्ले, त्यातले चार 'बंद करून चालू कर'. समोरच्या काकूंनी तर 'गुड मॉर्निंग'चं फूल टाकलं, तेही मी सल्ला म्हणूनच वाचलं. एकाने सांगितलं कॅशे आणि कुकीज, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेला जुना माल, साफ करा, सगळ्या रोगांवर तेच औषध. केलं. त्याने कर्सर आला नाही, पण जिथे जिथे लॉग-इन होतो तिथून सगळीकडून बाहेर फेकला गेलो. आणि आता परत आत जायचं तर ओटीपी.

ते ओटीपीचे सहा चौकोन ज्याने शोधून काढले त्याला माझा साष्टांग नमस्कार. एका आकड्याला एक खोली, चाळीतल्यासारखी. एक आकडा टाकला की कर्सर आपणहून शेजारच्या खोलीत उडी मारणार, असं ठरलेलं असतं. पण ज्या माणसाचा कर्सर मिनिटाला घर सोडून पळतोय त्याने काय करायचं? पहिले तीन आकडे बसायचे, चौथ्याला कर्सर गायब, मी वर बघेपर्यंत 'वेळ संपली, पुन्हा पाठवा'. बँकेच्या साईटवर तीनदा चुकलो तेव्हा त्यांनी मला 24 तासांसाठी बंदच करून टाकलं. माझ्याच पैशांपासून माझं संरक्षण. चांगलंय.

पूर्वी याहून वाईट दिवस होते हे खरंय. क्रोममध्ये 2016 पर्यंत कर्सर बॉक्सबाहेर असताना बॅकस्पेस दाबली की अख्खं पान मागे जायचं, म्हणजे तीन पानी फॉर्म भरून शेवटचं एक अक्षर खोडायला जावं आणि फॉर्मच खोडला जावा. लोकांनी इतकं भरलेलं गमावलं की शेवटी ती सोय काढून टाकली. तेव्हा मी जे काही बोललो होतो ते लिहिण्यासारखं नाही.

फायरफॉक्समध्ये बघावं म्हटलं, तर तिथे घाईत एफ 7 दाबली गेली. त्याने एक प्रश्न विचारला, तो न वाचता मी 'हो' म्हटलं (आयुष्यभर सगळ्या अटी अशाच मान्य केल्यात). आणि काय सांगू, कर्सर आला! पण बातमीच्या मधोमध. जिथे एक अक्षर लिहिता येत नाही अशा ठिकाणी बसून डोळे मिचकावतोय. त्याला कॅरेट ब्राउझिंग म्हणतात, माऊसशिवाय मजकुरातून बाण दाबत फिरायला आणि निवडायला चांगली सोय आहे, ज्याला हवी त्याला. मला एक कर्सर सांभाळता येत नव्हता, हा दुसरा पाहुणा कशाला.

शेवटी भाच्याला बोलावलं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे आमच्या खानदानात तो आयटी डिपार्टमेंट. आला, पोहे संपवले, मग म्हणाला, "मामा, आधी एक्स्टेंशन बघू." ब्राउझरला जोडलेली ती छोटी जास्तीची सॉफ्टवेअरं सतरा निघाली. त्यातली मला तीन आठवत होती. एकेक बंद केलं, मग इन्कॉग्निटोत, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी विंडोत बघितलं, रोग तसाच. मग त्याला शंका आली की बॉक्सवर एखादा पारदर्शक थर असेल, म्हणजे दिसतो बॉक्स पण क्लिक पडतंय वरच्या काचेवर. आमच्या टीव्हीच्या रिमोटला बायकोने प्लॅस्टिकची पिशवी घातलीय, बटणं दिसतात पण दाबली जात नाहीत, तसंच. तेही नव्हतं.

मग त्याने एफ 12 दाबून तो काळा कन्सोल, म्हणजे ब्राउझरलाच प्रश्न विचारायची जागा, उघडली. तिथे 'डॉक्युमेंट डॉट अ‍ॅक्टिव्ह एलिमेंट' लिहिलं की ब्राउझर सांगतो, आत्ता पेजवर कोणाच्या हातात माईक आहे. 'डॉक्युमेंट डॉट हॅज फोकस' विचारलं की सांगतो, या पेजकडे मुळात कीबोर्ड आहे का. पण गंमत अशी की विचारायला कन्सोलमध्ये क्लिक केलं की फोकस, म्हणजे कीबोर्डचा ताबा, कन्सोलकडेच येतो आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच मिळतं. झोपलायस का म्हणून हलवून विचारण्यासारखं. म्हणून त्याने दर सेकंदाला आपोआप दोन्ही उत्तरं छापणारी एक ओळ लिहिली आणि मला म्हणाला, "आता तू तुझं लिही, इकडे बघू नको."

मी लिहायला लागलो. मिनिटभराने तो ओरडला, "गेला!" बघितलं तर पहिलं उत्तर अजून तेच होतं, माझा बॉक्स. पण दुसरं 'हो'चं 'नाही' झालं होतं.

"मामा, पेजला वाटतंय कर्सर इथेच आहे. पेजची काही चूक नाही, ब्राउझरचीपण नाही. अख्ख्या विंडोचंच लक्ष गेलंय दुसरीकडे. बघ, वरची पट्टी फिकट झालीय."

बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे माणूस खुर्चीत बसलाय, हो हो म्हणतोय, पण ऐकत काहीच नाहीये. यात शोधायचं काय, मी रोज बघते." भाचा हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. मी काही बोललो नाही, कारण मी खरंच नीट ऐकलं नव्हतं.

म्हणजे दुसरा कोणीतरी प्रोग्रॅम मिनिटाला पुढे येऊन कीबोर्ड हिसकावत होता आणि त्याची विंडो दिसतसुद्धा नव्हती. भाच्याने पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजला टाईप करून हुकूम द्यायच्या खिडकीत, चार ओळी टाकल्या, दर सेकंदाला सगळ्यात पुढे कोण आहे त्याचं नाव छापायच्या. ब्राउझर, ब्राउझर, ब्राउझर अशी रांग लागली आणि मग मध्येच एक लांबलचक नाव, शेवटी 'मॉनिटर'.

प्रिंटर!

2020 मध्ये लॉकडाऊनला मुलाच्या वर्कशीटसाठी घेतलेला. तो नेहमी निळी शाई संपलीय म्हणून काळंसुद्धा छापायचा नाही, त्यामुळे मागच्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला दीडशे रुपयांत दिला. प्रिंटर गेला, पण त्याचं सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्येच राहिलं, आणि ते बिचारं दर मिनिटाला उठून वायफायवर त्याला हाका मारत होतं. मिळाला नाही की एक अदृश्य विंडो उघडायचं, शाई किती उरलीय ते सांगायला, आणि सांगण्यासारखं काही नाही म्हणून गप्प बसायचं, माझा कीबोर्ड हातात धरून. सरांना लिहिलेल्या त्या साडेतीन ओळी, दोन 'कृपया' धरून, सगळ्या त्यालाच सांगून झाल्या होत्या.

आई आतून म्हणाली, "इच्छा राहिली असेल हो त्याची. निळी शाई शेवटपर्यंत आणली नाहीत तुम्ही." पिंडाला कावळा शिवत नव्हता तो यामुळे.

भाचा चहा घेऊन निघाला. मी कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन ते सॉफ्टवेअर काढायला लावलं, हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला गेली, 'पूर्ण व्हायला रिस्टार्ट करा' म्हणाली, मी सवयीने 'नंतर' दाबलं. लगेच ब्राउझर उघडला आणि कंपनीचं पान आलं, तुम्ही आम्हाला का सोडून जाताय ते सांगाल का, खाली छान मोठा बॉक्स, आत कर्सर लुकलुकतोय.

सांगतो ना. मान खाली घातली, दोन्ही बोटं सरसावली आणि सगळं लिहिलं. दिवाळी, भंगारवाला, निळी शाई, सर, बँक, अंडरवेअर, काही म्हणजे काही सोडलं नाही. चांगली पंधरा मिनिटं गेली असतील. मग मान वर करून बघितलं.

'तुमचा प्रिंटर आम्ही दिवाळ'

वरची पट्टी फिकट होती.