तुझं होऊ दे

आज दुपारी माझ्या तोंडून एक वाक्य निघालं आणि तेव्हापासून कशात लक्ष लागत नाहीये.

लेकीला माझ्या पहिल्या नोकरीतली एक गोष्ट सांगत होते. फार महत्त्वाची होती असं नाही. मध्येच तिचा फोन थरथरला. तिने उचलला, नजर खाली गेली, अंगठा सरकायला लागला. तोंडाने "हं... हं..." चालूच. मी थांबले आणि म्हणाले, "तुझं होऊ दे."

हे वाक्य माझं नाही. माझ्या आईचं आहे.

आठ-नऊ वर्षं झाली असतील. आम्ही दोघी गच्चीवर वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होतो. मोठी चादर होती, दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. आई मावशीबद्दल सांगत होती. "लग्नाच्या आदल्या रात्री ताई माझ्या अंथरुणाशी येऊन बसली आणि मला म्हणाली..." तेवढ्यात माझा फोन वाजला. मी एक टोक सोडलं. कुणीतरी माझ्या फोटोला लाइक केलं होतं. एवढंच! मग त्यावरून दुसरं काही, त्यावरून तिसरं. आई म्हणाली, "तुझं होऊ दे." मी मान वर न करता म्हटलं, "ऐकतेय गं, तू बोल." तिने माझ्या हातातलं उरलेलं टोकही काढून घेतलं, चादर हनुवटीखाली धरली आणि एकटीनेच घडी घातली. "काही नाही, असंच," म्हणाली.

आई जाऊन चार वर्षं झाली. मावशी तिच्याही आधी गेली. त्या रात्री ती काय म्हणाली होती, ते आता कुणाला विचारू?

राग येतो. फोनमुळे वेळ वाया जातो, डोळे बिघडतात, झोप उडते, हे सगळं आपण एकमेकांना सांगून सांगून थकलो. पण माणूस समोर बसून बोलत असताना त्याचं वाक्य अर्ध्यात तुटतं आणि तुटलं हे आपल्याला कळतही नाही, त्याचं काय? समोरचा भांडत नाही, रागावत नाही. नुसता गप्प होतो. दोन-चारदा असं झालं की मग सांगायचंच सोडून देतो.

आणि हे आपोआप झालेलं नाही. पूर्वी इंटरनेटवर पानाच्या तळाशी पोहोचलं की पुढचं पान दाबावं लागायचं. तेवढ्या थांब्यात तरी माणूस मान वर करायचा. 2006 साली आझा रास्किन नावाच्या डिझायनरने तो थांबाच काढून टाकला. खाली सरकवत राहा, संपतच नाही. पुढे त्याने स्वतःच याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. त्याला खंत वाटली, बरं झालं. माझ्या आईचं वाक्य त्याने परत येणार आहे का?

मुळात ही वस्तू बोलण्यासाठी जन्माला आली हो! 3 एप्रिल 1973 ला मार्टिन कूपरने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून हातातल्या फोनवरून पहिला कॉल केला, तेव्हा त्या फोनचं वजन किलोभर होतं. एवढं ओझं कानाशी धरलं ते दुसऱ्या माणसाचा आवाज ऐकायला. आज तीच वस्तू तळहातावर मावते आणि शेजारी बसलेल्याचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचू देत नाही.

आईच्या आजारपणात रात्री दोन वाजता डॉक्टर याच फोनवर भेटले, परदेशातल्या भावाला तिचा चेहरा याच फोनवर दिसला. मान्य. पण त्या कामांना दिवसातली किती मिनिटं लागतात? बाकीचा सगळा वेळ आपण काय बघत असतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

हे लिहायला बसले तेव्हा लेकीवर चिडलेली होते. खरं तर तिच्याबद्दलच लिहिणार होते, ही आजकालची मुलं वगैरे. पण लिहिता लिहिता सारखी ती चादरच डोळ्यांपुढे येतेय. लेक लहान असताना दोन घास जास्त जावेत म्हणून तिच्या ताटापुढे फोन मीच उभा करून ठेवला होता. ती शाळेतून येऊन काही सांगायला लागली की "एक मिनिट हं, बाळा" म्हणणारीही मीच. ते एक मिनिट कितीदा संपलंच नाही. तिच्यावर कोणत्या तोंडाने चिडू?

आईने तेव्हा फोन माझ्या हातातून हिसकावून घ्यायला हवा होता असं वाटतं. तसं करणाऱ्यातली ती नव्हती. आपल्या बोलण्यासाठी कुणाचा खोळंबा नको, एवढंच तिला कळायचं. "तुझं होऊ दे" म्हणताना तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर मी कदाचित मान वर केली असती.

हे वाचणाऱ्या माझ्या इथल्या मित्रयादीत आईच्या दोन-तीन मैत्रिणी आहेत, मावशीकडची मंडळीही आहेत. लग्नाच्या आदल्या रात्री मावशी आईला काय म्हणाली होती, हे तुमच्यापैकी कुणी आईच्या किंवा मावशीच्या तोंडून ऐकलं असेल, अर्धंमुर्धं का होईना, तर मला सांगा. इथे खाली लिहू नका. फोन करा, नाहीतर मीच येते तुमच्याकडे.