टेस्टरनं लॅपटॉप खोलायची रीत

राजेहो, विहिरीवरची मोटर रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात खोलून ज्यानं पहाटे पाणी सुरू केलं, त्याला मांडीवर मावणारा लॅपटॉप जड जाणार आहे का? यष्टीनं तालुक्याला जा, तिथं दुकानदाराचं "परवा या" ऐका, परवा गेलं की दुकान बंद. त्यापेक्षा घरीच खोला. मी खोलला आहे.

मात्र लॅपटॉप खोलण्याच्या लायकीचा व्हायला वर्षभर तयारी लागते. तो टेबलावर ठेवू नका. भाव वाढेल या आशेनं पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरला असेलच, त्या गंजीवर ठेवा. वस्तूही त्याच मोलाची आहे. 2024-25 मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. म्हणजे चाळीस हजारांचा लॅपटॉप झाला सव्वापाच क्विंटलाच्या वर. हवा ओढायची भोकं खालच्या बाजूला असतात, ती कापसात छान बुडतात. आत पंख्यापाशी तांब्याच्या नळीच्या टोकाला पातळ पत्र्यांची बारीक जाळी असते. हंगाम संपेपर्यंत तिच्यावर असा नमदा बसतो की पिंजाऱ्यानं तोंडात बोट घालावं.

मग मे लागतो. पंखा थ्रेशरसारखा घरघरतो. बहुतेक प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास गेले की आपणहून वेग कमी करतात, तरी निवले नाहीत तर मशीन बंद पडते. पंखा काही बर्फ टाकत नाही, खोलीतलीच हवा आत ढकलतो, आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे दुपारी ती हवा कशी असते ते काय सांगावं! 2024 च्या मे महिन्यात नागपुरात एका स्वयंचलित यंत्रानं 56 अंश नोंदवले, नंतर ते यंत्रच बिघडलेलं निघालं. आमच्याकडे ऊन मोजणाऱ्यालाही ऊन लागतं. पण तुम्ही दोष उन्हाला देऊ नका, कंपनीला द्या आणि टेस्टर शोधा.

हो, टेस्टरच. बारीक फुलीचा पेचकस बाजारात मिळतो, पण घरात टेस्टर असताना पैसे कशाला घालवायचे? त्याचं चपटं तोंड फुलीत तिरपं घालून जोर लावला की स्क्रूचं डोकं गुळगुळीत होतं. मग पकड आणा. सगळे स्क्रू निघूनही झाकण हलत नसेल तर रबराच्या पायांखाली दोन लपलेले असू शकतात, पण तिथं बघत बसू नका. टेस्टर फटीत घालून उचला. कटकट असा आवाज येईल. त्या खिट्ट्या.

निघालेले स्क्रू एकाच वाटीत टाका. आमच्या घरची नऊ वर्षांची पुतणी कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी चिकटवत होती. तिला मी टॉर्च धरायला बसवलं. स्क्रू लांब-आखूड असतात म्हणे, आणि आखूड जागी लांब पिळला तर तो वर टचपॅडजवळ फोड आणतो किंवा खाली बोर्डात घुसतो. असो. पिळताना घट्ट लागला की समजायचं, बरोबर बसला.

बॅटरीची वायर आधी काढायची असते हे खरं, पण मग थरार काय राहिला? बॅटरी फुगून टचपॅड वर आलं असेल तर जाणती माणसं तिला हात लावत नाहीत, कारण टोचली गेली तर ती पेट घेते. तुमच्याकडे मात्र टेस्टर आहे, आणि शेजारी कापूस आहे. आणखी एक. प्लास्टिकच्या खुर्चीत अंग घासत बसा. अंगावर चढलेली स्थिर वीज साधारण 3,000 व्होल्टच्या पुढे गेली तरच आपल्याला चटका बसतो. चिप त्याच्या कितीतरी आधी मरते आणि कुरकुर करत नाही. असा सोशिक प्राणी घरात दुसरा नाही.

आता सफाई. मऊ ब्रश, पंख्याचं पातं बोटानं धरून हलकी फुंकर, ही लाडाची कामं झाली. तुम्ही पंक्चरवाल्याकडे न्या आणि ट्रॅक्टरच्या चाकात मारतो तीच हवा मारायला सांगा. पंखा असा गरगरतो की बेअरिंगला दिवाळी वाटते. त्या हवेत पाण्याचे थेंबही येतात, म्हणजे आंघोळही झाली.

प्रोसेसरवरचा लेप वाळून पापडी झालेला दिसेल. तो खरवडून पुन्हा थर्मल पेस्ट लावायची असते, ज्वारीच्या दाण्याएवढी. गावात मिळत नाही. आमच्या पारावर यावर तीन मतं पडली: टूथपेस्ट, ग्रीस आणि खर्रेवाल्याचा चुना. चुन्याला बहुमत मिळालं, कारण तो प्रत्येकाच्या खिशात होता. माझी डबी झाकणाबाहेर आली होती, तेवढ्यात पुतणी म्हणाली, "मोठेबाबा, त्यानं तोंड भाजते ना?" म्हणून टूथपेस्ट लावली. लॅपटॉपला दोन दिवस पुदिन्याचा वास येत होता.

जोडताना कागदासारख्या पातळ पट्ट्या दिसतील. त्यांच्या खाचेवर नखाएवढी खिट्टी असते. ती उचलायची, पट्टी सरकवायची, खिट्टी पाडायची. आपण नुसतं दाबून द्यायचं. शेवटी वाटीत चार स्क्रू उरतील. उरू द्या, कंपनीनं जास्तीचेच दिले असतील.

बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पीकविम्याच्या फॉर्मची शेवटची तारीख त्याच दिवशी होती हे सांगायचं राहिलं. लॅपटॉप थैलीत घातला आणि पुतणीला घेऊन तालुक्याला गेलो.

दुकानातल्या पोरानं तो कानाशी धरून हलवला. खुळखुळलं.

"घरी खोलला होता काय?"

"छे! हात बी नाही लावला. आपोआपच बंद पडला ना भाऊ."

त्यानं झाकण काढलं, वास घेतला, माझ्याकडे बघितलं. पुतणी काउंटरवर वाकून म्हणाली, "ते बटणाची पट्टी लावलीच नाही मोठेबाबानं. म्या तवाच सांगतलं होतं." आणि फ्रॉकच्या खिशातून चार स्क्रू काढून ठेवले, तिच्या त्या कागदासकट.